बाजाराचा वाटा शेवटी

भुसावळात मी हिशेब लिहिण्याचं काम करते. किराणा दुकानं, मालवाहतूक करणारे, पतसंस्था, केळीचे व्यापारी यांच्या वह्या माझ्याकडे असतात. जंक्शनचं गाव, त्यामुळे इथला बहुतेक धंदा मालाच्या येण्याजाण्यावर चालतो. किती आलं, किती गेलं, मधे किती उरलं, एवढं चोख लिहिलं की आमचं काम झालं. गेली काही वर्षं मी तापीपलीकडच्या, सातपुड्यातल्या काही पाड्यांचेही हिशेब लिहिते. ग्रामसभांच्या वनव्यवस्थापन समित्या आणि बायकांचे बचत गट यांचे ते हिशेब. पाड्यांची नावं इथे देत नाही, कारण त्या वह्या त्यांच्या आहेत. पण त्या वह्या लिहिताना व्यवहाराची जी रीत मी पाहिली, ती आम्हा सपाटीवरच्या लोकांच्या फार कामाची आहे, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात झाली ती एका बँकेच्या अर्जावरून. वनहक्क कायदा २००६ चा. त्यातल्या कलम ३(१)(झ) नुसार गावाला आपल्या सामूहिक जंगलाचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि गौण वनउपजाच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या समितीकडे आला. म्हणजे मोहफुलं, चारोळी, डिंक गोळा करायचा, साठवायचा, विकायचा आणि गाडीबरोबर स्वतःच्या सहीचा परवाना द्यायचा, हे सगळं गावाने करायचं. त्यासाठी खातं हवं. बँकेच्या अर्जात मात्र संस्था, कंपनी, भागीदारी, न्यास असे रकाने होते. ग्रामसभेचा रकाना नव्हता. नोंदणी प्रमाणपत्र आणा, असं सांगून समितीच्या माणसांना परत पाठवलं जाई. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एका कार्यकर्त्याने मला विचारलं, "ताई, तुम्ही येता का बोलायला?" मी कायद्याची प्रत, हक्काचा दाखला आणि ग्रामसभेचा ठराव घेऊन गेले. ग्रामसभेला कायद्यानेच ओळख दिली आहे, तिला वेगळ्या नोंदणीची गरज नाही, हे साहेबांना पटायला वेळ लागला. शेवटी खातं उघडलं. पासबुक हातात आल्यावर समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "आता वही कोण लिहील?" तेव्हापासून ती मी लिहिते, आणि पाड्यावरच्या दोन मुलींना लिहायला शिकवते.

भुसावळहून निघालं की तापीचा पूल लागतो आणि पुढे यावल, फैजपूर, सावदा, रावेर असा केळीचा पट्टा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी. सावदा आणि रावेर स्टेशनांवरून ती वाघिणींत भरून उत्तरेला जाते. केळीचा पट्टा संपतो तिथे सातपुड्याचा पायथा. वर यावल अभयारण्य आहे, १९६९ मध्ये जाहीर झालेलं, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचं. सागाबरोबर सलई, अंजन, धावडा, मोह, चार, तेंदू. पावरा, भिल्ल आणि तडवी यांची वस्ती. खालच्या शेतांतला मजूर इथून उतरतो. खालचं पाणीही इथूनच उतरतं, पण त्याबद्दल पुढे.

पाड्यावरचा माझा पहिला मोठा हिशेब मोहफुलांचा होता. मोह फाल्गुन-चैत्रात गळतो. पहाटे टोपल्या घेऊन बायका-पोरं झाडाखाली जातात, वेचलेली फुलं अंगणात वाळवतात. सुकलेला मोह आठवडे बाजारात जातो. त्या दिवसांत सगळ्यांचाच माल एकदम येतो, त्यामुळे भाव पडलेला असतो. हातात पैसा नसल्याने लोक विकतात. पावसाळ्यात, घरातलं धान्य संपत आलं की तीच घरं तोच मोह चढ्या भावाने विकत घेतात. केंद्र सरकारने मोहफुलांचा आधारभाव २०२० मध्ये किलोला १७ वरून ३० रुपये केला. २०२१ मध्ये राज्याने मोहफुलं गोळा करण्यावरची आणि त्यांच्या वाहतुकीवरची जुनी बंधनं उठवली. माल साठवून पुढे विकायची वाट त्यामुळे मोकळी झाली होती. गटाने मोह एकत्र साठवायचा, आषाढानंतर विकायचा आणि फरक सभासदांत वाटायचा, असा कागद मी करून नेला. वर एकूण वजन, खाली अपेक्षित विक्री.

शाळेच्या ओसरीवर बैठक बसली. मी कागद वाचून दाखवला. एका आजींनी तो दुसऱ्यांदा वाचायला लावला आणि विचारलं, "यात श्रावणातलं कुठं लिहिलं?"

श्रावणातलं म्हणजे घरात शिजवायला ठेवायचं. मग बोलणं सुरू झालं आणि वजनाच्या त्या एका आकड्याचे वाटे पडू लागले. काही झाडं वेचायचीच नाहीत. त्यांच्या फुलांवर अस्वलं, हरणं, पाखरं जगतात. मग प्रत्येक घराचा पावसाळ्याचा वाटा. मग ज्या घरात वेचायला कोणी नाही त्यांचा: एक विधवा, एक अंथरुणाला खिळलेला माणूस, ऊसतोडीहून अजून न परतलेलं एक कुटुंब. हे सगळं बाजूला काढून जे उरलं ते विक्रीला. चर्चा वाट्यांच्या मापावर झाली. क्रमावर कोणी एक शब्दही बोललं नाही, कारण तो सगळ्यांना आधीपासून ठाऊक होता. मी नवीन कागद घेतला आणि त्याच क्रमाने रकाने आखले. विक्री सर्वांत खाली गेली.

या क्रमात केवळ दयाबुद्धी आहे असं कोणाला वाटेल. पण मी हिशेबाची माणूस आहे आणि मला त्यात पक्का व्यवहार दिसला. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल पावसाळ्याच्या दिवसांतच घेतली जाते, घरात दाणा नसतो तेव्हा. एकदा उचल घेतली की दिवाळीनंतर कोयता घेऊन निघावंच लागतं. भाव मुकादमाचा, मुदतही त्याचीच. घरात मोह आणि धान्य शिल्लक असलं की उचल टळते, निदान लहान होते. गटाची साठवण सुरू झाल्यावर काही घरं उचलीशिवाय पावसाळा काढू लागली, हे मी वहीत पाहिलं आहे. जे विकत घ्यावं लागलं नाही आणि जे कर्ज काढावं लागलं नाही, ती कमाईच असते. आमच्या नेहमीच्या खतावणीत मात्र तिला जागा नसते.

हा क्रम कुठून येतो, हे मला हळूहळू समजत गेलं. पावरा आणि भिल्ल घरांत नवं पीक देवाला दाखवल्याशिवाय खात नाहीत. नवाई झाल्याशिवाय काकडीसुद्धा तोडायची नाही. याहामोगी ही सातपुड्यातल्या आदिवासींची धान्याची माय. तिचं ठाणं गुजरातच्या हद्दीत देवमोगऱ्याला आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेला लोक नवं धान्य घेऊन तिथे जातात. घरात बियाणं राखण्याचं काम बायकांचं. ज्वारी, मका, भादली, उडीद, चवळी यांची कणसं आणि शेंगा निवडून, राख लावून कणगीत किंवा दुधीभोपळ्यात भरून ठेवतात. कितीही ओढाताण झाली तरी बियाण्याला हात लावायचा नाही. मुद्दलाला हात लावू नये हे आम्ही पतसंस्थेच्या सभासदांना दरवर्षी सांगतो. इथे ते कोणी कोणाला सांगत नाही, कारण घराघरांत ते पाळलं जातं.

जंगलाच्या नेमांतही हेच आहे. चारोळी पूर्ण पिकायच्या आधी ओरबाडली जाते, कारण आपण थांबलो तर दुसरा तोडून नेईल ही भीती. काही ठिकाणी फांदीच तोडून खाली घेतात. मी ज्यांच्या वह्या लिहिते त्यांतल्या एका गावाने तारीख ठरवली: आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी कोणी चाराच्या झाडावर चढायचं नाही. शेजारच्या पाड्यांशी बोलून त्यांनाही तीच तारीख घ्यायला लावली, कारण एका गावाने थांबून भागत नाही. पिकलेल्या बियांचं वजन भरलं आणि व्यापाऱ्याने तक्रार न करता भाव दिला. सलई-धावड्याच्या डिंकासाठी खोल घाव घातले की झाड दोन-चार वर्षांत वाळतं, म्हणून घाव उथळ घ्यायचा आणि झाडाला आळीपाळीने विसावा द्यायचा. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवायची सवय होती. त्यातून वणवे लागत. आता झाडून घेतात किंवा जाळी अंथरतात. हे ठराव ग्रामसभेच्या वहीत लिहिलेले आहेत आणि मोडणाऱ्याला दंड आहे. दंडाची रक्कम मी 'जंगल निधी' या खात्यात जमा करते. विक्रीतला ठरलेला हिस्साही तिथेच जातो आणि त्यातून दगडी बांध, जाळपट्टे, राखणदारांचं मानधन निघतं.

एक गोष्ट मला कुठल्याच नेहमीच्या रकान्यात बसवता येईना. ती लाह. एखाद्याचं घर शाकारायचं असेल, बांध घालायचा असेल, पेरणी मागे पडली असेल तर सगळा पाडा जाऊन काम उरकतो. मजुरी नाही, ज्याचं काम त्याने जेवण द्यायचं आणि दुसऱ्याच्या वेळी आपण जायचं. लेखापरीक्षणाच्या भाषेत हा खर्च शून्य रुपये. पण दगडी बांध तर डोळ्यांसमोर उभा आहे. म्हणून मी एक वेगळी वही घातली, कोणी कोणाकडे किती दिवस काम केलं याची. महिनाभरात बायकांनी ती बंद करायला सांगितली. "हे लिहिलं की लोक मोजायला लागतील," असं एक ताई म्हणाली. मी ती वही मिटवली. आता ताळेबंदाच्या शेवटी त्या कामांचं एका वाक्यात वर्णन असतं, आकड्याशिवाय. परीक्षण करणाऱ्या साहेबांनी ते मान्य केलं.

हे सगळं शाबूत राहिलं त्यामागे मोठी झीज सोसलेली आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, भुसावळ मोठं झालं आणि त्याच काळात स्लीपरांसाठी, इंधनासाठी, बांधकामासाठी देशभरच्या जंगलांवर कुऱ्हाड चालली. १८७८ च्या वन कायद्याने जंगलं राखीव झाली आणि ज्यांनी ती सांभाळली ते त्यांत परके ठरले. त्याआधी १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक आणि त्यांच्या भिल्ल साथीदारांनी याच डोंगरांत इंग्रजांशी लढा दिला होता. पुढे सपाटीवरच्या जमिनी सावकारांकडे गेल्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा परिसरात अंबरसिंग सुरतवंतींनी सालदारांना आणि भूमिहीनांना एकत्र केलं ते याच अन्यायाविरुद्ध. २००६ चा कायदा या लांबलचक देण्यातला एक हप्ता आहे. पाड्यावरची म्हातारी माणसं हक्काचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात, त्यामागे हा इतिहास आहे.

खानदेशात हे काम सगळ्यात पुढे नेणारं गाव म्हणजे धुळे जिल्ह्यातलं, साक्री तालुक्यातलं बारीपाडा. कोकणा आदिवासींचा लहानसा पाडा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आजूबाजूचे डोंगर बोडके होते आणि पाण्यासाठी बायकांना लांब जावं लागे. चैत्राम पवार यांनी एम. कॉम. केलं आणि शहराकडे न जाता गावातच राहिले. वनवासी कल्याण आश्रमाच्या साथीने गावाने सुमारे अकराशे एकर जंगल राखलं. झाड तोडणाऱ्याला दंड, खबर देणाऱ्याला बक्षीस, सरपणासाठी ठरलेले नियम. दगडी बांध घातले, पाणी मुरलं, विहिरी भरल्या. भाताची चारसूत्री लागवड आली, इंद्रायणी तांदूळ विकला जाऊ लागला. पावसाळ्यात तिथे वनभाज्यांची स्पर्धा भरते. बायका शंभराच्या घरात रानभाज्या रांधून मांडतात आणि बाहेरचे लोक पैसे देऊन जेवतात. २०२५ मध्ये चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली. वाणिज्य शिकलेल्या माणसाने गावाचं भांडवल जंगलात ठेवलं, याचा माझ्यासारखीला विशेष अभिमान वाटतो. आमच्या पाड्यांवरच्या बायका बारीपाडा पाहायला गेल्या तेव्हा त्यांनी सगळ्यात जास्त प्रश्न दंडाबद्दल विचारले. पुढाऱ्याच्या नातेवाइकाने तोडलं तर काय, दंड कोण मागतो, नाही दिला तर काय. उत्तरं ऐकून त्यांनी परत आल्यावर आपल्या ठरावात एक ओळ वाढवली: समितीच्या सभासदाने नियम मोडला तर दंड दुप्पट.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तो २००९ मध्ये. देशात असा हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. त्याच वर्षी अर्थशास्त्राचं नोबेल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना मिळालं. सामायिक जंगल, पाणी, कुरणं यांचा नाश अटळ असतो असं मानलं जात होतं. त्यांनी जगभरची उदाहरणं अभ्यासून दाखवलं की वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, स्वतः राखण केली आणि चढता दंड ठेवला तर ही साधनं शतकानुशतकं टिकतात. आमच्या ओसरीवरच्या बायकांनी ऑस्ट्रॉम यांचं नाव ऐकलेलं नाही. पण दंड दुप्पट करण्याचा त्यांचा ठराव त्याच शहाणपणातून आला.

आता पाण्याबद्दल. जळगाव जिल्ह्यात केळीचं क्षेत्र ५० हजार हेक्टरांच्या आसपास आहे आणि देशात तिचं नाव आहे. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही आहे. केळीला वर्षाला १,८०० मिलिमीटरच्या घरात पाणी लागतं आणि इथे पाऊस पडतो ७०० मिलिमीटरच्या आसपास. बाकीचं जमिनीतून येतं. ठिबकने पाणी वाचतं हे खरं, पण विंधनविहिरी दरवर्षी आणखी खोल जातात आणि यावल-रावेरचं भूजल अतिउपशाच्या यादीत आलं. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे, वाळू आणि माती यांच्या जाड थरांचा पट्टा आहे, भूवैज्ञानिक त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरचं पाणी तिथे जमिनीत उतरतं आणि खालच्या विहिरींना मिळतं. या पट्ट्यात तापीचं पाणी मुरवण्याच्या महापुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने २०२५ मध्ये करार केला. योजना व्हावी. पण डोंगर बोडका झाला तर पाणी मुरण्याआधी माती घेऊन वाहून जातं. राखलेलं जंगल, पालापाचोळ्याची गादी आणि लाहेने घातलेले बांध हे काम आजही करत आहेत, आणि त्याबद्दल पाड्याला कोणी एक पैसा देत नाही.

केळीच्या व्यापाऱ्यांच्या वह्या आणि पाड्याच्या वह्या मी एकाच टेबलावर लिहिते, म्हणून हे मला टाळता येत नाही. व्यापाऱ्याच्या वहीत खत, रोपं, ठिबक, मजुरी, खोकी, वाघिणीचं भाडं सगळं आहे. पाण्याच्या नावाखाली विजेचं बिल आहे. पाणी ज्यांनी जमिनीत उतरवलं त्यांचं नाव नाही. पाड्याच्या वहीत उलट आहे: झाडाचा वाटा पहिला, बाजाराचा शेवटी. एका वहीतला नफा दुसऱ्या वहीतल्या संयमावर उभा आहे.

पाड्यावर सगळं आबादीआबाद आहे असं मी म्हणणार नाही. स्थलांतर कमी झालं, थांबलेलं नाही. तरुणांना मोटारसायकल हवी, मुलांच्या शाळेला पैसा हवा, दवाखान्याला हवा, आणि तो वनउपजातून पुरत नाही. वनउपजावर प्रक्रिया करण्यासाठीची सरकारची वनधन केंद्राची योजना ३०० सभासदांच्या मापाने आखलेली आहे. लहान पाडे तेवढी माणसं कुठून आणणार? आधारभाव कागदावर असतो आणि खरेदी केंद्र वेळेवर उघडत नाही, मग माल पुन्हा आठवडे बाजारात जातो. जंगलावर बाहेरच्यांची अतिक्रमणं होतात आणि राखण करणाऱ्यांना एकटं लढावं लागतं. ग्रामसभेत काही घरांचा आवाज मोठा असतो. हे प्रश्न परंपरेच्या गौरवाने सुटत नाहीत. त्यांना पैसा लागतो, कायद्याची साथ लागते आणि वेळ लागतो.

म्हणून खालच्या गावांपुढे मी एक मागणी ठेवते. केळी उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी आणि बाजार समित्यांनी आपल्या वहीत एक नवीन खातं उघडावं: डोंगराचा वाटा. केळीच्या प्रत्येक वाघिणीमागे, प्रत्येक ट्रकमागे ठरलेली रक्कम त्यात पडावी आणि ती थेट ग्रामसभांच्या जंगल निधीत जावी. देणगी म्हणून नको. देणगी मन फिरलं की थांबते. पाण्याचं देणं म्हणून द्यावी, विजेच्या बिलाइतक्याच नेमाने. पेसा कायद्याच्या (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्याच्या) क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना राज्याच्या आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट देण्याची पद्धत २०१५ पासून आहे, म्हणजे गावाच्या हातात थेट पैसा देणं अशक्य नाही. हिशेब ठेवण्याची व्यवस्थाही तयार आहे. पाड्यावरच्या त्या दोन मुली आता रोजमेळ माझ्यापेक्षा स्वच्छ लिहितात.

माझ्या केळीवाल्या ग्राहकांपुढे मी हे बोलू लागले आहे. काही जण ऐकून घेतात, काही विषय बदलतात. एका शेतकरी दादांनी विचारलं, "हा पैसा कुठल्या खर्चात दाखवायचा?" मी त्यांना सांगितलं, सगळ्यात वर, बियाण्याच्याही आधी.